उल्काचा बहिरा फोन

उल्काचा आवाज मोठा, हे कुणी नाकारत नव्हतं. खुद्द उल्काही नाही. तिचं माहेर विट्याजवळच्या माळावरचं. तिकडं माणूस बोलतो ते पलीकडच्या रानातल्याला हातातलं खुरपं खाली न ठेवता ऐकू जावं, अशा बेतानं. त्यात लाजायचं काय? पण लग्न होऊन ती पुण्याच्या प्रबोधच्या घरात आली, तिथून त्याच्या नोकरीमागं सिंगापूरला, आणि तिचा आवाज म्हणजे घरातली एक अडचण होऊन बसला. प्रबोध हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत अकाउंटंट. स्वभावानं गरीब. एमआरटी मेट्रोत बायको बोलायला लागली की हा खिडकीबाहेर बघायचा, बाहेर नुसता बोगदा असला तरी.

वुडलँड्सला आठव्या मजल्यावर त्यांचा भाड्याचा फ्लॅट. भिंतीला भिंत लागून लिम अंकल राहायचे. म्हातारा रात्री टॅक्सी चालवायचा आणि दिवसा झोपायचा. आणि उल्काची धाकटी बहीण संजीवनी हिला फोन लावायची वेळ नेमकी दिवसाची. प्रबोध कामावर, लेक चैत्राली शाळेत, इकडचा स्वयंपाक आवरलेला, तिकडं संजीवनी धारा काढून मोकळी.

२०१४ च्या चायनीज न्यू इयरला फोनवाल्यांनी ऑफर काढली. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करा, फोन जवळपास फुकट घ्या. प्रबोधनं बायकोला चकचकीत फोन घेऊन दिला. पहिल्याच दिवशी उल्कानं हौसेनं बहिणीला व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवला आणि मागोमाग फोन लावला.

"संजे, नव्या फोनवरनं बोलतीया. आईकू येतंय का?"

"न्हाई आक्का! मोठ्यानं बोल की!"

उल्का मोठ्यानं बोलली. मग आणखी मोठ्यानं. तिनं विट्याच्या टॉवरला दोन शिव्या हासडल्या आणि तेव्हापासनं रोजचा कार्यक्रम ठरला. गावाकडची रेंजच बिघडलेली, असं उल्का म्हणायची. उल्काचा आवाजच गावाकडचा, असं प्रबोध म्हणायचा. सिंगापूरच्या चकाचक दुकानातनं आणलेला फोन खराब असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

लिम अंकलनी आधी दार वाजवलं. मग भिंत वाजवली. असं वर्ष गेल्यावर शेवटी घरमालकिणीला फोन केला. घरमालकिणीनं प्रबोधला स्वच्छ सांगितलं, मे महिन्यात करार संपतोय, आणखी एक तक्रार आली तर दुसरं घर बघा.

प्रबोध घरी आला तो तोंड पाडून. "उल्का, अगं हे काही गाव नाही. थोडा गावंढळपणा कमी कर. चैत्रालीचं परीक्षेचं वर्ष आहे, शाळा समोर आहे. आता कुठे बिऱ्हाड हलवायचं?"

तो शब्द उल्काला लागला. पण घरही जाऊ द्यायचं नव्हतं. मग तिनं डोक्यावर उशी घेऊन फोन केला. घामानं निथळली. बाथरूममध्ये जाऊन केला, तर फरशांनी आवाज असा घुमवला की अंकल बनियनवरच बाहेर आले.

२०१५ च्या एप्रिलमधल्या एका रविवारी उल्काचा फोन चार्जिंगला होता. तिनं प्रबोधचा उचलला आणि सवयीनं बेंबीच्या देठापासनं हाक दिली, "संजेऽऽ!"

तिकडनं किंकाळी आली. "आगं आक्का, माझा कान फाडतीस का? हळू बोल की! आज काय शेजारच्या गल्लीतनं बोलतीस व्हय?"

उल्कानं आपला फोन चार्जिंगवरनं ओढला, त्यावरनं बोलली. "आईकू येतंय का?" काही नाही. पुन्हा प्रबोधचा घेतला. ठणठणीत ऐकू येतंय. चैत्राली सोफ्यावरनं बघत होती. इथल्या लोकांसारखं वाक्याला 'ला' जोडून ती म्हणाली, "Aiyo, आई, तू loud नाहीस. I mean, आहेस. पण the phone is worse lah."

"आवो, आईकलंत का?" उल्का नवऱ्याला म्हणाली. "फोन बहिरा हाय. आणि गावंढळ मी."

सोमवारी संध्याकाळी दोघं दुकानात गेली. काउंटरवरच्या पोरानं फोन उलटापालटा केला आणि गोड हसून सांगितलं, वॉरंटी वर्षाची, ती तर संपली. कॉन्ट्रॅक्ट अजून बाकी आहे, तेवढं बिल भरत राहावं लागेल. नवा फोन दाखवू का?

प्रबोध लगेच म्हणाला, "जाऊ दे, नवा घेऊ."

"नवा घेतला तर काय सिद्ध झालं?" उल्का तिथंच कडाडली. "मीच वराडत हुते, असंच ऱ्हाईल की. मला नवा नगं. ह्यो बहिरा हुता, असं लिहून पायजे. घरमालकिणीला दावायला."

प्रबोधच्या ऑफिसात सुचित्रा नावाची एक बाई होती. तिनं स्वतः एकदा फ्रिजसाठी भांडून पाहिलेलं. तिनं घरी येऊन दोघांना समजावलं, "वॉरंटी हा कंपनीचा शब्द. कायदा वेगळा. विकतानाच माल सदोष असेल तर वॉरंटी संपली म्हणून दुकानदार सुटत नाही, दुरुस्त करून द्यावा लागतो नाहीतर बदलून. फक्त सहा महिने उलटून गेले ना, की दोष पहिल्यापासून होता हे आपल्याला दाखवावं लागतं. पुरावा आहे काही?"

प्रबोधनं नाही म्हणून मान हलवली. उल्का म्हणाली, "हाय की. भिंतीपल्याड झोपतोय."

दुसऱ्या दिवशी, अंकल उठून टॅक्सीकडं निघायच्या वेळेला, तिनं त्यांचं दार वाजवलं. अंकलनी दार उघडलं, हिला बघितलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

उल्काचं इंग्रजी मोडकं आणि अंकलचंही काही राजघराण्यातलं नाही, त्यामुळं दोघांचं चांगलं जमलं. फोन खराब, म्हणून मी ओरडते, फोन नीट झाला तर तुम्हाला झोप, दुकानात चला. अंकलनी विचार केला.

"मी तुला मदत करत नाही हां," ते म्हणाले. "मी माझ्या झोपेला मदत करतो. चल ला!"

दुकानात या वेळी मॅनेजर पुढं आला. चप्पल घातलेले अंकल काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले आणि साक्ष सुरू झाली.

"ही बाई आली तेव्हापासून लाऊड. ओके. लाऊड, पण मी झोपतो. मग गेल्या वर्षी न्यू इयरची सुट्टी संपली, मी रात्री टॅक्सी चालवून आलो, झोपलो, आणि भिंतीतून," अंकलनी छाती भरून श्वास घेतला, "आईकू येतंय काऽऽ! आईकू येतंय काऽऽ!"

दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. प्रबोध पोस्टर वाचायला लागला. उल्काचे डोळे विस्फारले. पुण्याच्या सासरी इतक्या वर्षांत कुणाला जमला नव्हता तो विट्याचा हेल म्हाताऱ्यानं भिंतीतनं उचलला होता.

"अर्थ माहीत नाही," अंकल म्हणाले, "पण रोज तेच. आता स्वप्नात मीच बोलतो. माझी बायको घाबरते."

मॅनेजरला हसू आवरेना, पण तोही पक्का. "अंकल, त्या ओरडायच्या म्हणजे फोन खराब, असं होत नाही ना."

"थांबा," उल्का म्हणाली. बहिणीचा एकही निरोप तिनं कधी पुसला नव्हता. बोटानं वर सरकवत सरकवत ती फोन घेतलेल्या दिवसापर्यंत पोचली. आपला पहिला निरोप लावला आणि फोन मॅनेजरच्या कानाशी धरला. त्यानं आवाज वाढवला, पूर्ण वाढवला. डबक्यात बुडालेल्या माणसासारखी कुजबुज आली. मग संजीवनीचं उत्तर लागलं, आणि ते मात्र दुकानभर दणाणलं: "आक्का, काय बोललीस? कायबी आईकू आलं न्हाई!"

"ही कोण?" मॅनेजरनं दचकून विचारलं.

"बहीण," प्रबोध पोस्टरकडं बघतच म्हणाला. "घराण्यात आहे."

मॅनेजरनं निरोपावरची तारीख बघितली, कॉन्ट्रॅक्टवरची बघितली, आणि फोन तपासणीला पाठवला. आठवड्यानं निकाल आला. माइकच्या भोकावरचं रबर कारखान्यातच वाकडं बसलं होतं. दुकानानं फोन बदलून दिला, एक पैसा न घेता, आणि उल्कानं हट्टानं मागून घेतलेला कागदही दिला.

तो कागद घरमालकिणीनं वाचला, पण ती बाई कागदावर घर देणारी नव्हती. मे महिन्यात नव्या कराराची पानं घेऊन ती आली ती थेट लिम अंकलच्या घरात जाऊन बसली. उल्कानं पलीकडं आपल्या स्वयंपाकघरात फोन लावायचा आणि हिनं इकडून ऐकायचं, असं ठरलं. दारात प्रबोध उभा, आपलंच लग्न मोडतंय की काय अशा चेहऱ्यानं.

घरमालकीण भिंतीकडं कान करून बसली. काही नाही. आणखी वाट पाहिली. तरी काही नाही.

"ती बोलतेय तरी का?" तिनं संशयानं विचारलं.

अंकल उठले. भिंतीवर थाप मारली आणि खणखणीत आवाजात ओरडले, "आईकू येतंय का?"

"येतंय की," पलीकडनं कुणीतरी हळूच म्हणालं, आणि परत बहिणीशी बोलायला लागलं.

घरमालकिणीनं पेन काढलं.