कंपनी बंद करायचा खर्च

परवा पुण्याहून पुतणीचा फोन आला. तिला मैत्रिणीबरोबर कंपनी काढायची आहे. "काका, तुम्ही पूर्वी प्रायव्हेट लिमिटेड काढली होती ना? खर्च किती येतो हो?" म्हाताऱ्या माणसाला विचारणारं कुणी भेटलं की तो सुटतोच. मी तिला नाव मंजूर करून घेण्यापासून ते दरवर्षीच्या ऑडिटपर्यंत सगळं सांगितलं. आता हे सगळं लॅपटॉपवर होतं म्हणाली, तरी तिनं लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की काढायचा खर्च सांगितला, चालवायचा सांगितला, बंद करायचा सांगितलाच नाही. विसरलो म्हणावं, तर तसंही नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. तोवर प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालणारे आम्ही, एकाएकी स्वतःच जिल्ह्याचं गाव झालो. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साध्या खोल्यांची भाडी वाढली आणि चहाच्या हॉटेलात टेंडर हा शब्द ऐकू यायला लागला. माझं गंजगोलाईजवळ पाइप आणि नळाचं दुकान होतं. सकाळी कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसायचं आणि संध्याकाळी उठायचं, हे वडिलांनी घालून दिलेलं आयुष्य. त्यात मला एकदम मोठं व्हायची घाई झाली.

माझे भागीदार म्हणजे मिस्त्री. मूळचे कंधारचे, हातपंप दुरुस्तीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो, ते मला आप्पा. गावात पंप बंद पडला की लोक मिस्त्रींना गाठायचे. ते पंपाचा दांडा दोन-चारदा दाबायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे, "पंपाला काई न्हाई झालं. पानी खाली गेलंय." सामान माझं, हात त्यांचे आणि मिळेल ते निम्मं निम्मं. कागद असा एकही नव्हता. पाच वर्षं तसंच चाललं होतं आणि एकदाही आवाज चढला नव्हता.

मग दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, मांजरेच्या पात्रात बैलगाड्या चालायला लागल्या आणि गावोगावी हातपंपच काय तो आधार उरला. जिल्हा परिषदेला दुरुस्तीची कामं भराभर द्यायची होती. आज हे लिहिताना कसंतरी वाटतं, पण खरं ते खरं. लोकांच्या घशाला कोरड पडली होती आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

मिस्त्रींचं म्हणणं होतं, साठवलेल्या पैशात पाइप उपसायची दुसरी तिपाई आणि साखळी-कप्पी घ्यावी. दोन टोळ्या करता येतील, शिरूर अनंतपाळकडे एक आणि निलंग्याकडे एक. मी म्हटलं, "तिपाई काय कधीही घेऊ. आधी कंपनी काढू." माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, नुकसान आलं तर जबाबदारी कंपनीपुरती मर्यादित, घरादारावर येत नाही, असं एका ओळखीच्या सीएनं सांगितलं होतं. दुसरी मी कुणाला सांगितली नव्हती. मला दुकानाच्या पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' हे दोन शब्द हवे होते.

तिपाईचे पैसे कंपनीत गेले. मुद्रांक, फी, सीएची फी. घटना आणि नियमावली छापूनच द्यावी लागे, तिची छपाई पुण्यात. तीन नावं पाठवली, तिन्ही नामंजूर, म्हणून पुन्हा मुंबईला कंपनी निबंधकाकडं फेरी. लोखंडी दाबाचा शिक्का. इतिवृत्ताची कापडी बांधणीची वही. छापील कागद आणि पाकिटं इतकी, की पुढं कित्येक वर्षं माझ्या घरात दळणाच्या चिठ्ठ्या त्याच कागदावर लिहिल्या गेल्या. मिस्त्री उर्दू शाळेत शिकलेले. प्रत्येक ठिकाणी ते उजवीकडून डावीकडं, जीभ दाताखाली धरून, सावकाश सही करायचे. ही सही मुंबईला चालेल का, असं मला उगाच वाटायचं. चालली.

पाटी लागली त्या दिवशी मी पेढे वाटले. आठवड्यानं खेळत्या भांडवलासाठी बँकेत गेलो, तर मॅनेजरनं कंपनीच्या कागदांवर नजर फिरवली आणि वेगळा कागद पुढं केला. कर्ज थकलं तर आम्ही दोघं जातीनं जबाबदार, आमची घरं जबाबदार. मिस्त्रींनी मला वाचून दाखवायला लावला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आप्पा, मग ती मर्यादा कुठं गेली हो?"

दर तीन महिन्यांनी संचालक मंडळाची सभा घ्यावी लागे. मंडळ म्हणजे मी आणि ते. दुकानात पाइपांच्या चळतीवर बसून आम्ही सभा घ्यायचो. एकदा ते अध्यक्ष, एकदा मी. 'अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली' हे शेवटचं वाक्य लिहिलं की मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं उठून मला सलाम करायचे आणि मग आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. मला त्या कंपनीचं आज काही आठवावंसं वाटत असेल, तर ते एवढंच.

पुढं पाऊस बरा झाला. दुरुस्तीची कामं आटली, जिल्हा परिषदेनं स्वतःची माणसं नेमली. ऑडिट मात्र दरवर्षी होतंच. काम असो नसो, वर्षाचे कागद मुंबईला भरायचे, उशीर झाला तर जादा फी. मिस्त्रींच्या भावाचं कंधारला सायकलचं दुकान होतं, तो त्यांना बोलवत होता. बँकेचं कर्ज फिटल्यावर एका दुपारी ते त्यांच्याकडच्या दुकानाच्या किल्ल्या घेऊन आले. आम्ही चहा घेतला, पान खाल्लं. आमच्या बाजारात भागी अशीच सुटते. एका ताटलीतलं पान दोघांनी उचललं, की मिटलं. त्यावर पुन्हा शब्द काढायचा नाही. मिस्त्री जाता जाता दारात थांबले.

"आप्पा, त्या मुंबईच्या कागदात माजं नाव हाय. तिकडं काही करावं लागतंय का?"

"मी बघतो," मी म्हणालो.

मी बघितलंही. सीए म्हणाला, त्यांचा राजीनामा नोंदवायचा तर आधी राहिलेल्या दोन वर्षांचे कागद भरा, जादा फी भरा, आणि कंपनीला संचालक किमान दोन लागतात म्हणून दुसरं कुणीतरी आणा. नाहीतर रीतसर बंद करा, त्याचा खर्च वेगळा. मी मनात म्हटलं, धंदाच नाही तर हे कशाला? आमच्याकडं दुकान बंद करतात म्हणजे पाटी उतरवतात, देवापुढं नारळ फोडतात आणि फळ्या लावतात. मी पाटी उतरवली, नारळ फोडला. संपलं. कंपनी आपोआप मरत नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सीएनं सांगितलं होतं. मला खर्च करायचा नव्हता.

मुंबईची पाकिटं कंपनीच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याकडंच यायची. मी ती शिक्क्याच्या डब्यात टाकायचो. काही वर्षांनी पाकिटाऐवजी कोर्टाचं वॉरंट घेऊन पोलीस आला. वार्षिक कागद भरले नाहीत म्हणून कंपनीवर आणि दोन्ही संचालकांवर खटला. मी घाबरून मुंबईला एक वकील गाठला. तो म्हणाला, तुमची तारीख मी सांभाळतो, पण दुसऱ्या संचालकांची सही आणा, त्यांनाही हजर राहावं लागेल. कंधारला जायला चार तास लागतात. आज जातो, उद्या जातो, करत मी आठ दिवस काढले.

नवव्या दिवशी मिस्त्रीच आले. पांढरेशुभ्र कपडे, नवी टोपी. हजच्या सोडतीत त्यांचं नाव लागलं होतं.

हजला जाणारा माणूस निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाकडं जातो. काही देणं राहिलं असेल तर देतो, कुणाला दुखावलं असेल तर माफी मागतो. मोकळं होऊन जायचं असतं. मिस्त्री कंधारहून एसटीनं त्यासाठी लातूरला आले होते. आमच्या घरातली सगळी बैठकीत जमली. बायकोनं शाल आणली, मी हार घातला. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आप्पा, इतके वर्सं बरुबर काम केलं. बोलन्या-चालन्यात कमी-जास्त झालं आसंल, तर माफ करा. आन आपलं काही राहिलं आसंल, तर आताच सांगा. पदरी कुनाचं काही ठिवून जायचं न्हाई तिकडं."

डबा बैठकीतल्याच कपाटात होता. मला दिसत होता. वॉरंट त्यातच होतं. सांगावंसं वाटलं, अगदी ओठांवर आलं. पण घरातली सगळी बघत होती, त्यांच्या गळ्यात हार होता, आणि मला लाज वाटली. मी हिशेब केला, दीड-दोन महिन्यांत परत येतील. आल्यावर सांगू. तेवढ्यात काय होतंय?

"काही राहिलं नाही, मिस्त्री," मी म्हणालो. "आमच्यासाठीही दुवा मागा."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि ते खोटे नव्हते. हेच मला अजून कळत नाही.

निघायच्या तीन दिवस आधी कंधारच्या पोलिसानं त्यांच्या दारात वॉरंट आणलं. पोलीस ओळखीचा होता, चहा पिऊन गेला. पण तारीख पडली होती ती ते मक्केत असतील तेव्हाची. लोक म्हणाले, जा तुम्ही, वकील बघून घेईल. भाऊ म्हणाला, जा. मिस्त्री ऐकेनात. कोर्टाचं बोलावणं चुकवून अल्लाच्या घरी कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाले. ज्यांच्या ज्यांच्या दारात माफी मागायला गेले होते, त्या सगळ्यांनी त्यांना गावात पाहिलं. हजला निघालेला माणूस पोलिसानं अडवला, एवढंच लोकांना कळलं. कंपनी, कागद, संचालक हे कुणाला समजावणार?

तारखेला आम्ही दोघं मुंबईला गेलो. कोर्टात पाऊण तास थांबलो, दोन मिनिटांत काम झालं. गुन्हा कबूल, दंड. दंड इतका किरकोळ होता, की आम्ही पुण्यात जी नियमावली छापून घेतली होती तिच्या छपाईलाही तेवढ्याहून जास्त लागले होते. मी दोघांचा भरला. मिस्त्रींनी वकीलपत्रावर सही केली, तशीच, उजवीकडून डावीकडं, जीभ दाताखाली धरून.

बाहेर फुटपाथवर एका कठड्याला टेकून आम्ही उभे राहिलो. मी हात जोडले. "मिस्त्री, मला माफ करा. वॉरंट माझ्याकडं आधीच आलं होतं. तुम्ही घरी आलात तेव्हा ते कपाटात होतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. पंपाचा दांडा दाबून ऐकायचे तशी त्यांनी मान थोडी तिरकी केली होती.

"मी इच्यारलं होतं, आप्पा," ते म्हणाले. "तुमचे हात धरून इच्यारलं होतं."



मग पुढं म्हणाले, "तवाच सांगायचं होतं हो. जहाज इथूनच निघतंय. मुंबईला तर मला यायचंच होतं. चार दिवस आधी दोघं मिळून आलो असतो, वकिलाला धरून तारीख अलीकडं घेतली असती, आन मी हितूनच पुढं गेलो असतो."

मग परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून आम्ही स्टेशनकडं चालायला लागलो.

लातूरला आल्यावर मी राहिलेले सगळे कागद भरले, जादा फी भरली, कंपनी रीतसर बंद केली. पावती सीएकडून स्वतः आणली. मिस्त्रींचं हजला नाव त्यानंतर दोन वर्षं लागलं नाही. तिसऱ्या वर्षी लागलं, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. त्या वर्षी ते माफी मागायला कुणाकडं गेले नाहीत. मीच कंधारला गेलो होतो. त्यांनी मला चहा दिला, पानाची ताटली पुढं केली. मी पान उचललं. त्यांनी उचललं नाही. डॉक्टरांनी बंद केलंय, म्हणाले.

आज संध्याकाळी पुतणीला पुन्हा फोन करायचा आहे.