तीन हात तेल

घिवलीच्या वामनची लाकडी होडी खडकावर फुटली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढायचा आणि चार माणसांत मान खाली घालून बसायचा. समुद्रावर पोट असलेल्या मांगेल्याच्या दारात होडी नसणं म्हणजे काय, ते मांगेल्यालाच विचारावं. म्हणूनच, सासष्ट साली वीजकेंद्राच्या कामासाठी समुद्राची खोली मोजायला ठेकेदार आला आणि त्याच्या साहेबांनी हवा भरायची रबरी होडी सांभाळायला वामनला ठेवलं, तेव्हा गडी हरखून गेला. होडी परक्याची का असेना, तिला हात लावायचा तो त्यानेच.

गावाने तिचं नाव 'फुगा' ठेवलं. बायको वत्सलाही कमी नव्हती. नवरा निघाला की खिळ्याकाट्याला जपून जा म्हणायची. काटे कसले, खडकांवर कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडा होत्या. दर आठ-दहा दिवसांनी होडी कुठे ना कुठे चिरायची. साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, काचकागदाने घासायचं, पेट्रोलने पुसायचं, सोल्युशन लावायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की ठिगळ दाबायचं. साहेबांनी हे एकदा दाखवलं आणि वामनने ते असं उचललं, की त्याचं ठिगळ होडीपेक्षा जास्त टिकेल असं साहेबच म्हणू लागले.

पावसाळ्यात काम थांबलं. होडी नीट ठेव, एवढं सांगून साहेब पुण्याला गेले. आता नीट ठेवायची म्हणजे कशी, हे वामनला कुणी शिकवायला नको होतं. त्याने ती गोड्या पाण्याने धुतली, झावळ्यांच्या खोपीत ठेवली आणि बाप दर पावसाळ्यात करायचा तेच केलं. वत्सलाने सातपाटीच्या माहेरून मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल आणलं. हे तेल लाकडाला पाजलं की पाणी आत शिरत नाही, कीड लागत नाही. वामनने रबराला एक हात दिला, मुरू दिला, पंधरा दिवसांनी दुसरा दिला, मग तिसरा. स्वतःच्या होडीला तू कधी दोनाच्या वर हात दिले नाहीस, असं वत्सला म्हणाली, तेव्हा तो नुसता हसला.

नारळी पुनव झाली. होडी उघडली तर रबर सुजल्यासारखं झालेलं, हाताला चिकटणारं. हवा भरली तशी एक शिवण सुटली. त्याने ठिगळ लावलं. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसं ते संध्याकाळी हातात आलं. दुसरं लावलं, तेही आलं. सोल्युशन जुनं झालं असेल म्हणून तो चालत बोईसरला गेला. तिथे नगरकडचा चंद्रभान सायकलींची आणि साहेबांच्या जीपची पंक्चरं काढायचा, त्याच्याकडून नवा डबा आणला. तरी तेच. साहेब यायला आठ दिवस होते आणि होडी उभी राहत नव्हती. वामनचं जेवणावरून मन उडालं. आपले हातच गेले, असं त्याला वाटू लागलं. पुन्हा दुसऱ्यांच्या जाळ्यांवर जायचं, या विचाराने तो रात्री उठून ठिगळं दाबून बघायचा.

साहेब आले. त्यांनी होडीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि हिला काय लावलंस म्हणून विचारलं. वामनचा चेहरा उजळला. ठिगळं धरत नसली तरी आपण पावसाळाभर हयगय केली नाही, हे आता तरी साहेबांना कळणार होतं.

"तेल, साहेब. मुशीचं. तीन हात दिलं."

साहेब होडीशेजारी खाली बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"रबराला तेल चालत नाही, वामन. तेलाने रबर सडतं."

"मंग धुतो ना. सोडा घालून धुतो, निघंल."

"आत मुरलंय ते. आता नाही निघत."

मुरणं म्हणजे काय ते वामनला सांगायला नको होतं. नीट मुरावं म्हणूनच तर तो पंधरा-पंधरा दिवस थांबला होता.

साहेब माणूस चांगला होता. तुझा दोष नाही, तुम्हा लोकांना रबर कुठून माहीत असणार, असं म्हणाले. नवी होडी मुंबईहून येईल, ती चंद्रभान बघेल, त्याला रबर कळतं. तुला खडी वाहायच्या कामावर लावून देतो. वामनने मान डोलावली.

घरी वत्सला वाटच बघत होती.

"तेल लावलेलं बघून साहेब खूश झाला का रं?"

"झाला," वामन म्हणाला, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेला.