चष्म्यांची पिशवी

श्रीधर गेल्याचा फोन माधवीवहिनींनी स्वतः केला. "भाऊजी, हे गेले. सकाळचा चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेले. अकराला वैकुंठ स्मशानभूमीत या." सहलीला निघण्याची वेळ कळवावी तशा आवाजात, एवढंच. मी कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत फोन हातात धरून बसलो... दीड महिना होऊन गेला, पण तिथून उठल्यासारखं अजून वाटत नाही.

श्रीधर माझा शाळेपासूनचा मित्र आणि धंद्याने सहलवाला. शनिवार पेठेत एका जिन्याखाली त्याचं ऑफिस होतं. आत टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर अंदमानचा नकाशा. नव्वदीनंतर पुणेकरांच्या खिशात जरा खुळखुळायला लागलं, तेव्हा बाकीच्या सहलवाल्यांनी सिंगापूर-बँकॉक धरलं. हा मात्र बेटांना चिकटून राहिला. निघण्याच्या आदल्या रविवारी सगळ्या मंडळींना एखाद्या मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये बोलवायचं, बटाटेवडा द्यायचा आणि तासभर बेटांची ओळख करून द्यायची, हा त्याचा शिरस्ता. सेल्युलर जेलच्या सात भुजा आणि त्यांतल्या उरलेल्या तीन, रॉस बेटावरचं इंग्रजांचं चर्च आणि त्याला गिळून बसलेली झाडांची मुळं, युद्धात आलेले जपानी... जेलचा भाग आला की आज्या डोळ्यांना पदर लावत. मग शेवटी प्रवाळ. "जांभळी असतात, मेंदूसारख्या वळ्यांची असतात, आणि त्यांच्यातून पोपटी मासे ये-जा करतात." त्या वेळी लोक हातातला वडा खायचे विसरत.

आणि गंमत म्हणजे ही प्रवाळं त्याने कधी पाहिलेलीच नव्हती. मी त्याच्या पहिल्याच सहलीत होतो, म्हणून मला ठाऊक. काचेच्या तळाच्या बोटीत जागा मोजक्या, आणि त्या गिऱ्हाइकांच्या. हा मागे धक्क्यावर बसायचा, लोकांच्या चपला, पाकिटं आणि कवळ्या राखत. पाण्यात उतरणाऱ्यांचे चष्मे ठेवायला वहिनींनी त्याला मांजरपाटाची एक पिशवी शिवून दिली होती, आत कप्पे असलेली. पिशवी रिकामी झाल्याशिवाय धक्का सोडायचा नाही, हा त्याचा नियम. मग बोटवाला कितीही ओरडो. "अरे, एकदा तू जा, मी बसतो इथं," असं मी म्हटलंही.

"तुझ्या हातात कोण कवळी देईल?" तो म्हणाला.

पाण्यातून वर आलेल्या माणसाला तो आधी चष्मा द्यायचा आणि मग विचारायचा, काय काय दिसलं? त्यांनी सांगितलेलं तो पुढच्या हॉलमध्ये सांगायचा. स्वतःचं विचारलं की उत्तर ठरलेलं. "मी आणि माधवी जाऊ ना सवडीने. गिऱ्हाईक म्हणून."

त्सुनामीनंतर सहली बसल्या त्या बसल्याच. पुढे विमानं स्वस्त झाली, घरोघरी इंटरनेट आलं आणि लोक आपापलं बुकिंग करून जायला लागले. त्याचा शेवटचा मोठा गट हडपसरच्या एका आयटी कंपनीतल्या मुलामुलींचा. ती हॉलमध्ये आलीच नाहीत, म्हणून याने विमानतळावर सुरुवात केली. तर एक मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, "काका, हिस्टरी स्किप करू या ना, ते सगळं नेटवर आहे." तिचं काही चुकलं नव्हतं. सगळं खरोखरच नेटवर होतं. जिन्याखालच्या त्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

ऑफिस आवरल्यावर तो आणि वहिनी अंदमानला गेले. नवा शर्ट घालून श्रीधर पहिल्यांदा काचेच्या तळाच्या बोटीत बसला. खाली बघतो तर राखेच्या रंगाचे ढिगारे. मासासुद्धा नाही. बोटवाला म्हणाला, "पानी गरम हो गया था, साहब. सब मर गया."

ते परतल्यावर मी भेटायला गेलो. नेहमीसारखी कुणाची तरी टर उडवेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, "इतकी वर्षं मी लोकांना सांगितलं ते खरं होतं की नाही, हे मला आता कधीच कळायचं नाही."

"अरे, मी पाहिलंय. खरं होतं."

"तू पाहिलंस," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने अंदमानचं नाव काढलं नाही. कुणी माहिती विचारायला आलंच, तर "नेटवर आहे" म्हणायचा आणि पेपर उघडायचा. पुढे हृदय थकलं, असं डॉक्टर म्हणाले. थकलं असेल. मला मात्र तो त्या बोटीतून परत आला असं कधी वाटलंच नाही.

परवा वहिनींकडे गेलो होतो. दाराआडच्या खुंटीला पिशवी तशीच होती. "काढून ठेवू का आता?" मी विचारलं.

"आधी हात घालून बघा."

एका कप्प्यात श्रीधरचा चष्मा होता, काडीला दोरा गुंडाळलेला.

"वैकुंठात आत नेण्याआधी मीच काढून घेतला," वहिनी म्हणाल्या.

मी तो होता तसा कप्प्यात ठेवला आणि पिशवी खुंटीला अडकवली. वहिनी दारासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"पिशवी रिकामी झाल्याशिवाय धक्का सोडायचा नाही, हे त्यांचंच म्हणणं ना, भाऊजी? बसलेय मी."