आरसा जरा तिरका धर

सुमन गेल्याचं मला भवानीनगरच्या फाट्यावर कळलं. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबला होता, एसटी हलायचं नाव घेत नव्हती आणि मी खिडकीत बसून ट्रॅक्टरवाल्यांच्या नावानं खडे फोडत होते. तेवढ्यात आमच्या कॉलेजातल्या एका सरांनी खिडकीखाली स्कूटर थांबवली. "गायकवाड मॅडम गेल्या हो... पहाटे." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" सरांनी स्कूटर बंद केली. त्यांना काय सांगणार, की हा प्रश्न माझा नाहीच, जी गेली म्हणताय तिचाच आहे!

स्टाफरूममध्ये कुणी काहीही सांगायला लागलं, की सुमनचा हा प्रश्न ठरलेला. बदल्यांची बातमी असो, नाहीतर एखाद्या किल्ल्याची हकिकत. "पुस्तकात छापलंय मॅडम," असं कुणी म्हणालं, की तिचं पुढचं तयार असायचं, "छापणाऱ्यानं कुठं पाहिलं?" ती इतिहास शिकवायची, मी मराठी. बारामतीत आम्ही एकाच गल्लीत राहायचो, त्यामुळं कॉलेजात अपुरं राहिलेलं भांडण घरी पुरं व्हायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती पाठ्यपुस्तक उघडूच द्यायची नाही. आधी घरातली एक जुनी वस्तू आणा. कुणी केली, कधी केली, कशासाठी केली आणि हे तुम्हाला कशावरून कळलं, ते लिहा. कन्हेरीच्या एका मुलीनं विहिरीचं पाणी काढायच्या मोटेची चामडी सोंड आणली होती. वर्गभर वास सुटला, नाकाला पदर लावून मी तावातावानं भांडायला गेले, तर ही बाई सोंडेवरचे टाके मोजत बसलेली. चेहऱ्यावर असा आनंद, की मी भांडण विसरूनच गेले.

पण या सगळ्यामागं तिचा एक दगड होता. पळसदेवच्या अलीकडं, उजनीच्या पाण्यात बुडालेल्या तिच्या जुन्या गावातली वीरगळ. म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला, त्याची लढाई कोरलेला दगड. तिचे वडील, आबा, जन्मभर सांगत आले की तो वीर आपला पूर्वज. गावची गुरं राखताना वेशीवर पडला. पाटलांच्या घरातले म्हणायचे, आमचा. दगड देवळाच्या आवारात होता आणि आबांच्या लहानपणी त्यांच्या माणसांना त्या आवारात पाऊलही टाकायची मुभा नव्हती. म्हणजे ज्याला आपला म्हणायचं, त्याला लांबूनच बघायचं. पुढं छप्पन्नच्या धर्मांतरानंतर आबांनी देव सोडले, पण तो दगड मनातून सुटला नाही. नंतर धरण भरलं आणि गावासकट दगडही पाण्याखाली गेला. आबांचं म्हातारपण एवढ्या एका उत्तरावर अडून बसलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. सुमननं मला घरातून ओढूनच नेलं. म्हणाली, "जुनी मराठी तुझी, दगड माझा." आबा काठी टेकत पुढं, आम्ही दोघी भेगाळलेल्या गाळातून मागं. सुमननं कपाटाच्या दाराचा आरसा काढून टॉवेलात गुंडाळून आणला होता. मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय! पण दुपारचं ऊन डोक्यावर आलं की दगड सपाट दिसतो, अक्षर दिसतच नाही. बाजूनं आरशानं कवडसा पाडला की झिजलेल्या अक्षरातही सावली भरते, आणि ते उठून येतं. मी आरसा धरून उभी, घामानं भिजलेली, आणि ही गुडघ्यावर बसून हुकूम सोडतेय, "जरा तिरका धर... अगं, तिरका!" मी वैतागून पर्समधला खडू काढला. म्हटलं, अक्षरांतून फिरवते, पांढरं दिसेल, सुटू एकदाचे. तिनं माझा हात धरला. "खडू फिरवलास की दगडावर काय आहे ते दिसत नाही. तुला काय हवंय ते दिसतं."

आणि तिला काय हवं होतं, ते तर दगडापाशीच उभं होतं की! आबांनी तेवढ्यात दगडावर आख्खा तळवा टेकवला होता. आयुष्यात पहिल्यांदा. मला तिकडं बघवेना.

वरच्या ओळीत गुरांचा उल्लेख लागला, माणूस पडल्याचा लागला. नाव असायला हवं, नेमकी तिथलीच कपची उडालेली. खालची ओळ घट्ट गाळात; उकरावं तर पाणी झिरपून पुन्हा भरायचं. ओला कागद थापून तिनं जमेल तेवढा ठसा घेतला.

"मंग लिव की आपला हाय म्हनून," आबा म्हणाले. "हितं पान्यात उतरून कोन बगाय येतंय?"

"मी बघितलंय ना, आबा."

"म्हंजी आपला न्हाय?"

"न्हाय असं पण दगड म्हनत न्हाय. खालची ओळ वाचल्याबिगर कसं सांगू?"

परतीच्या वाटेवर गाळात लेकीनं पुढं केलेला हात आबांनी धरला नाही. सुमननं लेख लिहिला, त्यात स्वच्छ लिहिलं, 'नावाचा भाग तुटलेला, खालची ओळ गाळात, वाचन अपूर्ण.' पाटलांकडचे रागावले, भावकीतले त्याहून जास्त. शिकून घरावरच उलटली, असं लोक तिच्या तोंडावर बोलले. घरी येऊन ती ढसाढसा रडली, पण त्या ओळीतला एक शब्द तिनं बदलला नाही. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. खालच्या ओळीसाठी ती दर उन्हाळ्यात जाऊन यायची. पाणी काही तेवढं उतरलं नाही. आणि या वर्षी कावीळ झाली...

गेल्या रविवारी आबांना भेटायला गेले. नव्या वसाहतीतल्या घरात ते एकटेच बसले होते. मला बघून त्यांनी चटई सरकवली. मग म्हणाले, "ताई, पानी उतरायलंय. देवळाचं शिखर दिसाय लागलं. औंदा दगूड बुडापतूर उघडा पडंल, मासं धरनारी पोरं सांगत्यात." उठून त्यांनी सुमननं त्यांच्याकडं ठेवलेला, टॉवेलात गुंडाळलेला आरसा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. चौकटीच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा गाळ अजून वाळून बसला होता.

"आबा," मी कसंबसं म्हटलं, "खाली पाटलांकडचं नाव निघालं तर?"

आबांनी आरशावरून एकदा हात फिरवला.

"निगू द्या. पोरीचं वाचाय ऱ्हायलंय, तेवढं पुरं करा," ते म्हणाले. "आन् ताई... खडू आनू नका."