रेशनकार्डाचा नंबर आणि पांढुर्ण्याचा चहा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरला आमच्या घरी चूल होती आणि आईला दमा... बाबा शाळेत मास्तर. त्यांनी गॅससाठी अर्ज करून बरीच वर्षं झाली होती.

मधल्या काळात एक माणूस गल्लीत घरोघर फिरून गेला. संत्र्याची कलमं फुकट मिळणार, फक्त रेशनकार्डाचा नंबर आणि घरातल्यांची नावं सांगा, म्हणाला. सगळ्यांनी सांगितली, आईनेही. कलमं काही आली नाहीत... कोणी विचारलंही नाही.

शेवटी गॅससाठी आमची पाळी आली. मी तेव्हा कॉलेजात होते, आईबाबांबरोबर मीही पांढुर्ण्याच्या एजन्सीत गेले. तिथल्या बाबूने रजिस्टर बघून सांगितलं, या कार्डावर कनेक्शन कधीच दिलंय, इथंच, पांढुर्ण्यात.

बाबा वाद घालणाऱ्यांपैकी नव्हते, घरी जाऊ म्हणाले. आईने मात्र बाबूकडून पत्ता घेतला आणि सरळ चालू लागली.

दार एका तरुण बाईने उघडलं. दिवस भरत आलेले... थकलेली माणसं पाहून तिने आधी बसवलं, आणि कोण, कुठले विचारत चहा ठेवायला आत गेली. आई तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. निळ्या ज्योतीकडे बघत जरा वेळ उभी राहिली.

"बाई, हा गॅस आमच्या कार्डावरचा आहे."

ती घाबरली. नवऱ्याने कोणा एजंटाकडून पैसे भरून घेतला होता, कार्ड कोणाचं हे तिला ठाऊकच नव्हतं. म्हणाली, "काकू, घेऊन जा तुम्ही. मी चुलीवर करीन."

"तुह्याकडून काऊन नेऊ? तू थोडीच चोर आहेस. फक्त एजन्सीत चालून खरं सांग."

चहा पिऊन आम्ही निघालो... आणि ती खरंच आली. नवऱ्याला न विचारता आली, बाबूपुढे सगळं सांगितलं. तिचं कनेक्शन रद्द झालं, काही महिन्यांनी आमच्याकडे शेगडी आली. तो एजंट कोणाला सापडला नाही.

आईचा खोकला कमी झाला. पण गॅस पेटवताना ती कधी कधी थांबायची... "तिचं लेकरू धुरात खेळून राहिलं असेल," म्हणायची.

आता मोबाईलवर कोणीही आधार नंबर मागतं... सवलतीसाठी, कूपनसाठी, नुसतं अ‍ॅप उघडायलाही. लोक पटकन टाईप करून मोकळे होतात. आपण दिलेला नंबर कुठे नांदायला जातो, ते आपल्याला कोणी कळवत नाही. आम्हाला निदान पत्ता मिळाला होता, आणि दार उघडणारी बाई भली निघाली.