कडी नसलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

एवढं लिहून मी थांबलो, कारण पुढं लिहावं की नाही हेच कळेना. तेव्हा आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, बाबा शाळेत क्लार्क झाले आणि कॉलेजात जाणारा मी घरातला पहिलाच. पहिल्याने फार बोलू नये, असं मला आपलं वाटतं. पण ही गोष्ट आमच्या गल्लीत माझ्याआधी सगळ्यांनी सांगून झाली आहे, आणि प्रत्येकाच्या तोंडी माझी फजिती वाटीभराने वाढते. ती निदान मूळ मापात राहावी म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखात, मावल्याला राहतो. आमच्या गल्लीची एक रीत आहे : दिवसा कोणी दाराला कडी लावत नाही. लावलीच, तर लोक समजतात की घरात कोणी आजारी आहे, नाहीतर मटण शिजतंय! दोन्ही बाबतींत शेजारी विचारपूस करायला येतातच, म्हणजे कडीचा उपयोग शून्य. विरजण, जिना, पंप आणि अलीकडे वायफाय, सगळं तीन घरांत मिळून. वायफायचा डबा शेजारच्या शांताकाकूंच्या खिडकीत, कारण ती खिडकी मधोमध येते. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला बसचे रिटायर ड्रायव्हर रामन्ना.

बाबा नार्नूरकडच्या एका सरकारी शाळेतून शनिवारी रिटायर होणार होते. निरोपाचा कार्यक्रम ठरला होता. नोकरीभर बाबांनी दुसऱ्यांच्या निरोपाच्या खुर्च्या लावल्या, हार आणले, माइक ‘हॅलो हॅलो’ करून दिला. पण त्या माइकवर हॅलोच्या पुढं ते कधी गेलेच नाहीत. चार माणसं समोर दिसली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून त्यांनी युक्ती केली. जुने फोटो क्रमाने लावायचे, मागं पडद्यावर एकेक येऊ द्यायचा आणि फोटो पाहून पुढचं वाक्य आठवायचं. फोटो नाही तर भाषण नाही!

बुधवारी त्यांनी मला हळूच बोलावलं.

“सुमेध, जुन्या कॉम्प्युटरात ‘निरोप’ नावाचं फोल्डर हाय. फोटो हायेत, अन् मी माइकवर बोलून पाह्यलं, ते बी हाय. तुझ्या लॅपटॉपात घे. शाळेत प्रोजेक्टरला लाव. जमते ना?”

“बाबा, दोन मिनिटांचं काम आहे.”

(हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, हे मी आजही नाकारत नाही. ऐकणारे बरेच आहेत.)

आता जुन्या कॉम्प्युटरची प्रकृती सांगतो. गल्लीत कोणाकडे नव्हता तेव्हा बाबांनी तो आणला, आणि लोक बाळ बघायला यावेत तसे बघून गेले. पेनड्राइव्ह लावायची त्याची सगळी भोकं बंद, कारण जयंतीला आईने घराला चुना दिला तेव्हा त्या भोकांनाही दिला! सीडीचं दार भीमगीतांची एक सीडी आत घेऊन कायमचं मिटलेलं. माउस आणि कीबोर्ड जुन्या गोल पिनांचे, म्हणून तेवढे वाचले. वायर जोडून इंटरनेटवर मेल उघडायला जावं तर तो म्हणतो, हे पान तुमच्यासाठी सुरक्षित नाही. जागेवरून हलवला की रुसतो. चुन्याच्या वेळी हलवला तर पावसाळ्यापर्यंत सुरूच झाला नाही.

“मंग पोट फाडून आतली डिस्क काढ ना,” आई म्हणाली.

“खबरदार!” बाबा उठून त्याच्यापुढं उभेच राहिले. “मी रिटायर होऊन राह्यलो, तो नाही!”

मोबाइलने पडद्याचे फोटो काढून पाहिले. प्रत्येक फोटोत बाबांच्या चेहऱ्याच्या जागी माझा चेहरा आणि डोक्यावर ट्यूबलाइट आली. निरोप माझा नव्हता, म्हणून तेही सोडलं.

उरलं नेटवर्क. आणि नेटवर्क हा तर माझा विषय! कॉलेजात नोकरीच्या मुलाखती जवळ आल्या होत्या. एका सीनियरने सांगितलं होतं, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐक, भीती जाते. म्हणून जुन्या कॉम्प्युटरपुढं बसून बाबांच्याच माइकवर मी इंग्रजीत स्वतःची ओळख पाठ करत असे. रेकॉर्डिंग कुठं साठतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. भीती गेली नव्हती, म्हणून त्या आवाजाचा मला एरवीही राग होता.

गुरुवारी सकाळी काकूंच्या खिडकीतून वायर ओढली आणि जुना कॉम्प्युटर वायफायच्या डब्याला जोडला. लॅपटॉप तर आधीच जोडलेला. दोघं एकाच घरचं पाणी पिऊ लागले, आता बोलायला हरकत काय? पण नाही! लॅपटॉपला जुना दिसे; दाराशी जाई; आणि परत येऊन सांगे, परवानगी नाही.

आई चहा घेऊन आली. “काऊन रे, दोन मिनिटं झाले का नाही?”

“जुना पासवर्ड मागतोय, आई.”

“कोणाले?”

“लॅपटॉपला.”

“घरच्याच पोराले?”

बाबांना हे फार लागलं. “आपल्या घरात पासवर्ड? कोणापासून लपवाचं? आजपर्यंत या दाराले कडी लावली का मी? काढून टाक तो पासवर्ड!”

मला पटलं. (नुसतं पटलं नाही, अभिमानही वाटला.) मी जुन्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. पासवर्डाची अट : बंद. राखणदारी : बंद. कोणाला फाइली दिसाव्यात? ‘सगळ्यांना.’ फोटो आणि आवाज घरातल्या इतर उपकरणांना ऐकवू का? ‘हो.’ सगळ्या उपकरणांना? ‘हो हो!’ तो विचारत गेला आणि मी लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्यासारखा ‘हो’ वाढत गेलो.

लॅपटॉप परत दाराशी गेला आणि या वेळी आणखी घाबरून परत आला. म्हणाला, जिथं पासवर्ड नाही अशा घरात मी पाऊल ठेवत नाही!

“म्हणजे कडी होती तवा आत घेत नव्हता, अन् आता कडी नाही तर हा जात नाही?” बाबा म्हणाले.

“होय.”

“कॉलेजात हेच शिकवून राह्यले का?”

पासवर्ड परत लावला असता आणि तो लॅपटॉपला सांगितला असता, तर काम खरोखर दोन मिनिटांचं होतं. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मात्र बाबांनी काढायला लावलेली कडी परत लावणं मला अपमानासारखं वाटलं, आणि मी दुसऱ्या सगळ्या वाटा शोधल्या. दोघांना एकाच गटाचं नाव दिलं. दोघांच्या घड्याळांत एकच वेळ लावली. शेवटी आई म्हणाली, “तो म्हातारा हाय, तू लहान्याले आधी पाया पडाले लाव,” आणि खोटं कशाला सांगू, मी लॅपटॉप उचलून जुन्याच्या जवळ नेऊन ठेवला.

शुक्रवारी गल्लीत काहीतरी बदललं होतं. सकाळी दूध आणायला निघालो तर रामन्ना, ज्यांनी जन्मापासून मला “ए पोरा” याशिवाय हाक मारली नाही, ओट्यावरून म्हणाले, “गुड मॉर्निंग सार!”

मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. शिक्षणाचा मान हळूहळू मिळतो असं ऐकलं होतं, मिळाला!

दुपारी शांताकाकू दारात उभ्या. माझी खटपट पाहिली आणि आईला विचारलं, “काय वं वैनी, आज भाजीत मीठ बरोबर हाय ना?”

“काऊन? पाह्यजे का?”

“नाही वं, असंच!” आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

“हिले काय झालं?” आई म्हणाली. “दोन रोजापासून मले पाहून हसून राह्यली.”

संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, “झालं का?” मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, “असू दे. मी दोन शब्दांत आभार मानतो. तसंही कोण ऐकून राह्यलं?” आणि जुन्या कॉम्प्युटरपुढं बसून तेच फोटो एकामागून एक पाहत राहिले. मला जेवण गेलं नाही.

शनिवारी गल्ली एक मोठी जीप करून नार्नूरला आली. शाळेचे हेडमास्तर (सगळे त्यांना पेद्दा सार, म्हणजे मोठे सर, म्हणतात) तेलुगू वळणाच्या मराठीत बाबांबद्दल फार चांगलं बोलले. मग म्हणाले, “आता फोटोलु पाहू! सुमेध, चालू करो!”

मी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर माझ्या लॅपटॉपचा रिकामा निळा रंग पसरला.

“फोटो?”

“लोडिंग होतंय, सर.”

बाबा माइकपाशी गेले. “हॅलो,” म्हणाले. “हॅलो.” मग निळ्या पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. कपाळावर घाम. मंडपात एक खुर्ची करकरली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आधी लॅपटॉप जावा, मग मी.

एवढ्यात मागच्या रांगेतून शांताकाकूंचा आवाज आला, “भाऊजी, पह्यला दिवस! पोरं उभी राह्यली ते सांगा!”

बाबांनी चमकून पाहिलं. पण वाक्य हाती आलं होतं. “हां… माझा पह्यला दिवस. वर्गात शिरलो अन् सगळी पोरं उभी राह्यली. मले वाटलं, माझ्या मागं कोणी सायब आला. वळून पाह्यलं तर…”

“म्हैस!” आमची सगळी रांग ओरडली.

मंडप हसला. बाबाही हसले, जरा घाबरत. “म्हैस होती. म्हैस गेली तरी पोरं उभीच. तवा समजलं, ते माझ्यासाठी उभे हायेत. आमच्या घरात तोपर्यंत कोणासाठी कोणी उभं राह्यलं नव्हतं.”

हे वाक्य संपायच्या आधीच रामन्नांनी डोळे पुसले. आधीच! मला त्यांच्या मायेचं नवल वाटलं.

“आता बासरची सहल!” रामन्ना म्हणाले. “एक पोरगा एक्स्ट्रा!”

“बासरून परत निघालो,” बाबा आता सुटले होते, “पोरं मोजले तर एक कमी नाही, एक जास्त! दुसऱ्याच शाळेचा पोरगा, आमच्या गाडीत खिचडी हाय म्हणून चढला होता…”

असं भाषण चाललं. बाबा जिथं अडले, तिथं गल्लीने उचललं. शेवटी बाबांनी हात जोडले. “बस, एवढंच. सगळ्यांचे आभार.”

“एवढंच कसं?” काकू उभ्याच राहिल्या. “मिठाचं राह्यलं ना भाऊजी! मिठाचं सांगितल्याशिवाय खाली नाही उतराचं!”

बाबा लालबुंद. आई माझ्याकडे पाहू लागली. बाबांनी माइक दोन्ही हातांनी धरला, आईकडे न पाहता बोलले, “हिनं रोज डबा दिला. मी रोज घरी येऊन म्हणलं, मीठ कमी होतं. आज सांगतो. मीठ कधीच कमी नव्हतं. मले दुसरं काही बोलता येत नव्हतं.”

आईने पदर डोळ्यांना लावला आणि त्यातूनच म्हणाली, “अन् मी रोज वाढवत गेली ना, बाप्पा!”

टाळ्या थांबेनात. पेद्दा सारांनी शाल घालताना बाबांना विचारलं, “एवढं चांगलं बोलता, मग आजपर्यंत माइकवर नुसतं हॅलो काऊन?”

परतताना जीपमध्ये बाबा खिडकीशी बसले होते, शाल न काढता, एवढ्या उकाड्यात. मी काकूंना म्हणालो, “काकू, तुम्ही आज लाज राखली. पण ह्या गोष्टी बाबांनी आम्हालाही सांगितल्या नव्हत्या. तुम्हाला कशा माहीत?”

काकू म्हणाल्या, “अरे, कशा म्हणजे? परवापासून तुमच्या बाबाचं भाषण आमच्या टीव्हीवर चालू हाय! टीव्ही लावला तर समोर ‘निरोप’. दाबलं तर फोटो, अन् भाऊजीचा आवाज. आमाले वाटलं, गल्लीले ऐकासाठीच तू टाकलं. रामन्नाच्या टीव्हीवर बी येते. रोज सगळे मिळून पाहून राह्यलो ना आमी!”

म्हणजे गुरुवारपासून माझं शेअरिंग ठणठणीत चालू होतं. भिंत ओलांडून, त्याच वायफायवरच्या दोन घरांच्या टीव्हींत फाइल पोहोचली होती. पोहोचली नव्हती ती फक्त तिच्या शेजारी ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपला!

मी घाम पुसला. म्हटलं, काही का असेना, बाबांचं भाषण तर झालं. तेवढ्यात पुढच्या सीटवरून रामन्ना वळले, आणि शेवटची बातमी मला कळली.

“भाषण तर चांगलंच,” ते म्हणाले, “पण त्याच्या आधी एक येते ना, ते आमाले जास्त आवडते. पाठ झालं!” आणि छातीवर हात ठेवून त्यांनी सुरू केलं, “गुड मॉर्निंग सार! माय सेल्फ सुमेध…”

आणि पुढचं वाक्य आई-बाबा सोडून सगळ्या जीपने एका सुरात म्हटलं, “माय स्ट्रेंथ ईज नेटवर्किंग!”