नदीपलीकडचा जबाब

यंदा आखाजीच्या आठवडाभर आधी मी जुनी हार्ड डिस्क काढली आणि विशी-बाविशीत ज्यांच्यावरून जीव ओवाळून टाकला होता ते सगळे रॅपचे अल्बम पुन्हा ऐकायला घेतले. जळगावातल्या पिंप्राळ्यात माझी एका खोलीची रेकॉर्डिंगची जागा आहे. रिक्षावर भोंगा लावून फिरवतात त्या जाहिराती मी भरून देतो. साड्यांचे सेल, दुकानांची उद्घाटनं, वधू-वर मेळावे. उन्हाळ्यात दुपारी जळगावात कुत्रंही रस्त्यावर नसतं, मग गिऱ्हाईक कुठून येणार? ऐकण्यात खरखर नको म्हणून कूलर बंद केला आणि घामाघूम होऊन बसलो.

वय झालंय त्या अल्बमांचं. काहींचं शोभून दिसतं, काहींचं अजिबात नाही. तेव्हा मला इंग्रजी निम्मंही कळत नव्हतं, नुसता वेग कळायचा. आता शब्द कळतात, आणि कळल्यावर वाटतं, नसते कळले तर बरं झालं असतं. बायकांबद्दल त्यांत जे बोललंय ते माझ्या मुलीसमोर लावायची माझी हिंमत नाही. सगळ्यात जुन्या अल्बमांतली यमकं तर आता भोळी वाटतात. ओळ संपली की यमक, पुन्हा ओळ संपली की यमक, झोका जाऊन परत यावा तशी. नंतरच्यांनी यमक ओळीच्या पोटात नेलं, एका दमात चार-चार, पाच-पाच. ते ऐकून अजूनही अंगावर काटा येतो. हल्लीचे निम्मे शब्द गिळूनच टाकतात, त्यांच्याशी माझं जमत नाही, आणि जमवून घ्यायची इच्छाही नाही.

पण सगळ्यात वाईट कोण म्हातारं झालंय सांगू? एकमेकांचं नाव घेऊन शिव्या दिलेली गाणी. विसाव्या वर्षी मला त्यांचंच वेड होतं. आता ऐकताना वाटतं, ज्याला शिव्या दिल्या तो माणूस आज कुठे असेल, असेल तरी का? शिवी मात्र काल दिल्यासारखी ताजी. समोरच्यानं दिलेलं उत्तर कुठल्या तरी दुसऱ्याच अल्बमात असायचं आणि तो अल्बम आमच्यापर्यंत पोचायचाच नाही. आम्ही एकच बाजू ऐकली आणि तीच जिंकली असं धरून चाललो.

हे मी शहाणपण शिकवायला लिहीत नाही. माझाही एक अल्बम आहे. अहिराणीतला, सात गाण्यांचा. त्यातल्या तिसऱ्या गाण्यानं मी दोन म्हाताऱ्यांची मैत्री मोडली.

आमचं गाव धरणगावच्या बाजूला, नदीच्या काठावर. आखाजी म्हणजे आमच्याकडे अक्षय तृतीया, सासरी गेलेल्या सगळ्या लेकींनी माहेरी यायचा सण. झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या. आणि सणाच्या दुपारी एक गंमत, जी बाहेरच्याला सांगितली तर खरी वाटत नाही. आमच्या गावच्या बाया नदीच्या अल्याड उभ्या राहायच्या, समोरच्या गावच्या बाया पल्याड. मधे कोरडीठाक वाळू. आणि मग दोन्ही काठांवरून शिव्या. साध्या नाहीत, गाण्यातल्या, जुळवलेल्या. एकीनं दोन ओळी टाकायच्या, समोरचीनं त्याच चालीत जबाब द्यायचा. ज्या ओळीला दोन्ही काठ हसतील ती जिंकली. उन्हं कलली की सगळ्या वाळूत उतरायच्या, डबे उघडायच्या, एकमेकींना सांजोऱ्या भरवायच्या. नियम एकच होता. वाळूत पाय ठेवला की वरचा एकही शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही, घरी न्यायचा नाही.

माझी फुई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्या काठाची वाघीण होती. एरवी ती पिंप्राळ्यातली साधी बाई. दुपारी चार बायांना घेऊन पापड लाटणारी, कॉलेजच्या तीन वर्षांत मला स्वतःच्या घरी ठेवून घेणारी, परीक्षेच्या दिवशी दही-साखर हातावर ठेवल्याशिवाय बाहेर पाऊल टाकू न देणारी. काठावर उभी राहिली की पदर खोचून तिचं तोंड असं सुटायचं की बापे लोक लांबूनच खाली माना घालून जायचे. तिच्या तोडीची पल्याड एकच होती. तिच्याच वयाची, धुळ्याला दिलेली. मी तिला अक्का म्हणायचो. दोघी एकमेकींना परकराच्या वयापासून शिव्या देत आल्या होत्या. एक जळगावला, एक धुळ्याला. भेट वर्षातून एकदाच, आखाजीला. वाळूत उतरल्या की दोघी हातात हात घेऊन बसायच्या आणि अंधार पडेपर्यंत उठायच्या नाहीत.

मी विशीत असताना एका आखाजीला हे सगळं मोबाईलवर भरलं. रॅपचं भूत डोक्यात होतंच. मनात म्हटलं, अरे, ते परदेशातले लोक जे करतात ते आमची फुई कधीपासून करते. त्या साली तिनं टाकलेल्या ओळी अशा होत्या:

तिना वरनमा पानी, तिनी कच्ची भाकरी,
तिना दादला जास जेवाले शेजारनीना दारी.

मित्राच्या लॅपटॉपवर ताल बसवला. फुईच्या ओळींना मी माझ्या आवाजात धरून नेलं, पुढे माझ्या आठ ओळी जोडल्या, समोरच्या गावाचं नाव घातलं, 'धुळ्याची सून' असंही घातलं. अक्काचा जबाब वाऱ्यामुळे बारीक आला होता, लांबून, मधे मधे तुटलेला. तो मी कापला. पण त्या जबाबानंतर दोन्ही काठांवर जे हसू फुटलं होतं ते फार झकास आलं होतं. ते उचललं आणि फुईच्या ओळींमागे चिकटवलं. मेमरी कार्ड भरलं होतं, म्हणून मूळचं सगळं पुसून टाकलं. हे सगळं मी एका दुपारी केलं, चहा पीत, मजेत. आपण काही वाईट करतोय असं एकदाही मनात आलं नाही.

गाणं चाललं. खरोखर चाललं. नशिराबादपासून साक्रीपर्यंत लग्नांत वाजायला लागलं. फुईला मी ऐकवलं तेव्हा ती मधेच उठून पापड वाळत घालायला गेली. लाजली असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या वर्षी धुळ्यात अक्काच्या धाकट्या मुलाची हळद होती. डीजेवाल्यानं तेच गाणं लावलं, त्याला काय माहीत. पोरीबाळी नाचल्या. नव्या सुनेच्या माहेरच्या बाया मान वळवून वळवून अक्काकडे बघायला लागल्या. धुळ्याची सून, अमुक गावची, म्हणजे हीच ना? त्यातल्या एकीनं तिच्या नवऱ्याबद्दल विचारलंही. नवरा जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. हे मला फुईकडून कळलं. सांगताना ती भिंतीकडे बघत होती.

मी धुळ्याला गेलो, माफी मागायला. सबंध रस्ता मनात वाक्यं जुळवत होतो. अक्कानं दार उघडलं, स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मी पाया पडलो, म्हटलं, "अक्का, चुकनं मनं. अशा शिव्या गानामा टाकाले नको व्हत्यात."

"शिव्या ते आम्ही दर साल खातस," ती म्हणाली. मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत तिनं विचारलं, "इतलंच शे का ते गानं?"

मला वाटलं, आणखी शिव्या कुठे बाकी आहेत की काय, याची तिला धास्ती आहे. मी घाईघाईनं तिची समजूत घातली, "हो अक्का, इतलंच. बाकीनं बठ्ठं मी काढी टाकं."

तिनं माझ्यासमोरचं पाण्याचं भांडं उचललं. मग म्हणाली, "चहा पी, थंडा व्हस."  मी परत आलो तो ओझं उतरल्यासारखा, आणि घरी येऊन गाणं इंटरनेटवरून काढून टाकलं. लोकांच्या फोनमधून ते थोडंच निघणार होतं? ते वाजतच राहिलं.

त्या वर्षापासून अक्का आखाजीला माहेरी आली नाही. कधी गुडघे, कधी नातू आजारी, कधी काहीच नाही. फुई मात्र दर साल काठावर जायची. नव्या पोरी तिला आग्रह करायच्या, "फुई, म्हना ना." ती हसून मान हलवायची. तिनं पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. सांजोऱ्यांचा डबा भरलेला न्यायची आणि भरलेला परत आणायची. घरी आल्यावर आम्हीच त्या खायचो. मला त्या कधी गोड लागल्या नाहीत, पण खायचो. मी तिला दोन-तीनदा म्हटलं, चल, धुळ्याला नेतो, गाडी आहे. ती म्हणायची, "ती बलावी तवय जाऊ." बोलावणं आलं नाही. बारा वर्षं गेली. हे लिहायला तीन शब्द लागतात.

या माघात अक्का गेली. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं, तेही पापडाच्या पिठासाठी आलेल्या एका बाईकडून. फुई ओट्यावर बसून होती. रडली नाही. फक्त लाटणं हातात तसंच धरून राहिली, आणि समोरची लाटी वाळून गेली.

म्हणून यंदा मी हार्ड डिस्क काढली होती. अल्बम ऐकायचे हे निमित्त झालं. मला खरं म्हणजे ती मूळची फाईल शोधायची होती, चुकून कुठे उतरवून ठेवली असेल तर. एकेक फोल्डर उघडला. परदेशातल्या अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेली शिवी न् शिवी मी जपून ठेवली होती. आमच्या नदीवरचा जबाब तेवढा नव्हता.

आखाजीला फुईला गाडीतून गावी नेलं. दुपारी काठावर गेलो. आता पूर्वीसारखी गर्दी नसते. आमच्या बाजूला सात-आठ बाया, त्यात निम्म्या फोटो काढणाऱ्या. पल्याड झाडाखाली पाच-सहा पोरी. फुई डबा मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, "भाऊ, तिना जबाब लाव. माले तिना आवाज आयकाना शे."

बारा वर्षांत तिनं त्या गाण्याबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य. मी सांगितलं, नाही. पुसला. तेव्हाच पुसला. 

"बठ्ठा?"

"बठ्ठा."

ती उठली. काठाच्या कडेला जाऊन तिनं पदर खोचला आणि बारा वर्षांनी तोंड उघडलं. आवाज चिरका झाला होता, पण पल्याड पोचला. तिना वरनमा पानी, तिनी कच्ची भाकरी. दोन्ही ओळी म्हटल्या. समोरच्या पोरी उठून उभ्या राहिल्या. जबाब त्यांना कुठून येणार? फुई थांबली, अगदी जेवढं थांबायचं असतं तेवढं. मग तिनं मान थोडी तिरकी केली, अक्का करायची तशी, आणि अक्काच्या लांबवलेल्या सुरात जबाब दिला, स्वतःलाच:

गया व्हता, गया व्हता, तुनाच दारी,
तुना हातनं खाईसन पडना आजारी.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पल्याडच्या पोरी फुटल्या. टाळ्या वाजवत, एकमेकींच्या खांद्यावर पडत हसायला लागल्या. आमच्या बाजूच्या बायाही हसल्या. दोन्ही काठ हसले. ते हसू मी ओळखलं. मीच ते उचलून दुसरीकडे चिकटवलं होतं, आणि धुळ्याच्या त्या स्वयंपाकघरात अक्का ज्याच्याबद्दल विचारत होती तेही हेच होतं. इतलंच शे का ते गानं? आणि मी तिला आनंदानं सांगून आलो होतो की तुझं सगळं काढून टाकलं.

 फुईनं खोचलेला पदर सोडला, डबा उचलला आणि वाळूत उतरायला लागली. मी हात पुढे केला. ती हाताकडे बघत थांबली, पण तिनं तो धरला नाही.

"त्या साले ती जिकनी व्हती," ती म्हणाली. "तू माले जिकाडी दिधं. ते हासनं तिनं व्हतं, पोऱ्या."